तिसरं मत

२०१९ची दिवाळी नुकतीच आटोपली होती. चकल्या मऊ पडायला लागल्या होत्या आणि डब्याच्या तळाशी उरलेला चिवडा संपवायला कोणी पाहुणा येतोय का, याची वाट बघण्याचे ते दिवस. सर आले. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत घडी न पडू देता आणलेले छापील कागद. चपला काढता काढताच म्हणाले, "वहिनी, तुमच्या बूथवर मला तीन मतं आहेत." मी बशी आणायला आत वळले होते, ती तिथेच थबकले. सर आरामात खुर्चीत टेकले, कागद मांडीवर सरळ केले आणि केंद्र क्रमांक १४३च्या ओळीवर पेन्सिलीचं टोक ठेवून म्हणाले, "तुम्ही आणि साहेब, ही दोन झाली. तिसरं कोणाचं असेल?"

"असेल कोणीतरी," मी म्हणाले आणि चिवड्यावर जरा जास्तच शेव घातली.

त्या तिनांत माझं मत नव्हतं.

आमच्या तालुक्याच्या गावात सरांना 'उमेदवार' म्हणतात. तोंडावर सर, पाठीमागे उमेदवार. गणिताच्या शिकवण्या हा त्यांचा धंदा. दोन खोल्या, एक विटलेली सतरंजी, ओल्या फडक्याचा वास येणारा फळा. माझ्या दोन्ही मुलांनी तिथे अपूर्णांक गिरवले. आणि १९९५ पासून दर पाच वर्षांनी, नेमाने, सर विधानसभेला उभे राहतात. पक्षाचं नाव मी लिहिलं तरी तुम्हाला आठवणार नाही. नोंदणी आहे, मान्यता नाही. राज्यभरातून चार, फार तर पाच जण उभे करतो. एवढ्याशा पक्षाला सगळीकडे एकच चिन्ह मिळत नाही, त्यामुळे चौघांची चार चिन्हं, आणि तीही दर खेपेला बदलणारी. सर एकदा इस्त्री होते, एकदा कपबशी, २०१९ला शिवणयंत्र. "लोकांना आधी हे सांगण्यात आठवडा जातो," ते म्हणायचे, "की मागच्या वेळची कपबशी ती मीच."

निवडणुकीची आपली भाषा मोठी मजेशीर आहे. माणूस उभा राहतो, मग कोणीतरी त्याला बसवतो, नाही बसला तर पाडतात. सगळी क्रियापदं शरीराची. सर सात वेळा उभे राहिले आणि सातही वेळा पडले, पण बसवायला त्यांना कधी कोणी आलं नाही. म्हणजे एकदा आलं होतं. २००४ साली, माघारीच्या आदल्या रात्री साडेदहाला दारात जीप थांबली. पांढऱ्या कपड्यांतले तिघं आत आले, सरांनी चहा ठेवायला सांगितला, आणि दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला हव्या त्या आडनावाचा अपक्ष पलीकडच्या आळीत राहतो. चहा पिऊन, माफी मागून गेले. हा किस्सा सर स्वतःच सांगतात आणि हसतात, पण प्रत्येक वेळी सांगताना 'चहा पूर्ण पिऊन गेले हो' हे वाक्य त्यांच्या तोंडून येतंच. त्या वाक्यात काय आहे ते मला अजून नीट कळलेलं नाही. थोडा अभिमान असावा. पाच-दहा मिनिटं का होईना, आपल्याला बसवायची किंमत कोणीतरी खिशात घालून आलं होतं.

तर ते तीन मतांचं. त्याच वर्षी नवरात्रात सर माझ्याकडे सही मागायला आले होते. मान्यता असलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार, पुरतो. सरांसारख्यांना, आणि अपक्षांना, दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. हे दहाचं प्रकरण मुळात १९९६चं. त्या वर्षी बेळगावात लोकसभेला ४५६ जण उभे राहिले होते, सीमाप्रश्नाचं गाऱ्हाणं मतपत्रिकेच्या लांबीने दिल्लीला कळावं म्हणून. तिकडे तमिळनाडूत मोडाकुरिची नावाच्या मतदारसंघात तर विधानसभेला हजारावर उमेदवार झाले. मग कायदा बदलला. विधानसभेची अनामत अडीचशेवरून पाच हजारांवर गेली, पुढे दहा हजारांवर, आणि सूचक एकाचे दहा झाले. "बेळगावकरांचं भांडण खरं होतं," सर म्हणाले, "पण त्याचे हप्ते मी भरतोय." घटाला माळ घालायची राहिली होती, हात ओले होते. मी पदराला हात पुसले आणि यादीचा भाग क्रमांक, अनुक्रमांक बघून सही केली. सरांनी सहीवर फुंकर मारली. "चौथ्या तुम्ही," म्हणाले. "अजून सहा."

सही करताना मला काहीच जड गेलं नाही. सही म्हणजे मत नव्हे, असं मी मनाशी म्हटलंही नसेल. पण मतदानाच्या दिवशी शाळेच्या त्या खोलीत, पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभी राहिले तेव्हा वरचे दोन मोठे उमेदवार घासून लढतायत हे डोक्यात होतं. एक मला अजिबात नको होता. मग दुसऱ्याला द्यायला हवं. सरांचं नाव सातव्या ओळीत होतं, शिवणयंत्र अगदी स्पष्ट छापलेलं, आमच्या आईच्या जुन्या मशीनसारखं. माझी नजर तिथवर गेली. बोट वर गेलं. 'मत वाया घालवू नये' हे वाक्य आपल्याकडे अन्न वाया घालवू नये याच सुरात म्हटलं जातं, ताटात टाकू नये तसं. मी काही टाकलं नाही. घरी येऊन पोहे केले.

आणि हे झाल्यावर पंधरा दिवसांनी सर माझ्या खुर्चीत बसून माझं मत मोजत होते.

तोवर मला ठाऊकच नव्हतं की कुठल्या केंद्रावर कोणाला किती, हे असं ओळीने छापून मिळतं. नमुना २० म्हणतात त्याला. मतदान गुप्त असतं खरं, पण एका खोलीपुरतं. मोठ्या पक्षांची माणसं त्या तक्त्यावरून कुठली वस्ती आपली आणि कुठली फिरली ते बघतात, आणि पुढची पाच वर्षं रस्ता कुठे करायचा नाही हेही ठरवतात असं म्हणतात. अनेक केंद्रांची मतं मिसळून मोजणारं यंत्र आणावं असं निवडणूक आयोगानेच सुचवलं होतं, २०१५ मध्ये विधी आयोगानेही तशी शिफारस केली. ते काही आलं नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "आलं तर न्याय होईल. पण माझं वाचन जाईल."

वाचन हा त्यांचा शब्द. मला माझी आजी आठवली. पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आणि नोटेएवढा कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. आजी सांगायची की तिने टाकलेला कागद पेटीच्या तळाशी पडल्याचा आवाज तिला ऐकू आला. आत काहीच नसणार. पडद्याबाहेर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असेल, या धसक्याने ती घाईघाईने बाहेर आली म्हणे. कोणाची पेटी होती ते तिने आम्हाला मरेपर्यंत सांगितलं नाही.

सरांच्या तक्त्यात २०१९ला एकूण ४१२ मतं. १९९५ला अकराशेच्या वर होती, मग उतरतच आली. केंद्रं तीनशेहून जास्त, आणि अर्ध्याअधिक ओळींत शून्य. मला वाटलं होतं ते शून्यं बघून खंतावत असतील. तसं नव्हतं. शून्याचं काही नसतं म्हणाले, शून्य म्हणजे तिथे आपण पोचलोच नाही. त्यांना छळायचा तो एक. जिथे त्यांचा कोणी नातेवाईक नाही, विद्यार्थी नाही, जिथे लुनावरून पत्रकं वाटायलाही जमलं नाही, अशा कुठल्यातरी वाडीच्या केंद्रावर एक मत. "एक म्हणजे माणूस असतो वहिनी. तीन म्हणजे घर." असं म्हणून त्यांनी आमच्या बैठकीवरून कौतुकाने नजर फिरवली. मी चकल्या पुढे केल्या. मऊ आहेत म्हणाले, पण दोन खाल्ल्या.

मग मला तो नादच लागला. रात्री फोनवर असल्या लोकांविषयी वाचत बसायचे. तमिळनाडूतल्या मेट्टूरचे के. पद्मराजन, टायर दुरुस्तीचं दुकान, १९८८ पासून दोनशेहून जास्त निवडणुका लढवून हरलेले, त्यात पंतप्रधानांविरुद्धसुद्धा. मी सरांना उत्साहाने सांगितलं. सर नाराज झाले. "ते विक्रम करतात. मी निवडणूक लढवतो." मग अमेरिकेतले यूजीन डेब्स सांगितले. समाजवादी पक्षाचे, पाच वेळा राष्ट्राध्यक्षपदाला उभे, पाचव्यांदा १९२० साली तर अटलांटाच्या तुरुंगातून, युद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून शिक्षा भोगत असताना. प्रचाराच्या बिल्ल्यावर कैद्याचा क्रमांक, ९६५३. तरी नऊ लाखांवर मतं. सर गप्प झाले. मला वाटलं भारावले. मग म्हणाले, "सात सत्ते एकोणपन्नास, गुणिले एकशे सत्त्याण्णव." बघितलंत? माणूस तुरुंगातून उभा राहिला आणि यांनी त्याचे अवयव पाडले. पण नंतर फाटकापाशी जाता जाता वळून विचारलं, "तुरुंगातून अर्जावर सही कशी केली असेल हो त्यांनी?"

एक चूक मात्र मी केली. धीर द्यायला म्हणून म्हणाले, बाबासाहेबसुद्धा पडले होते की, १९५२ला मुंबईत आणि १९५४ला भंडाऱ्यात, त्यांचाही पक्ष तेव्हा लहानच होता. सरांचा चेहरा बदलला. त्यांच्या आवाजात फळ्यापुढची धार आली. "त्यांच्या पडण्याला माझं पडणं जोडू नका वहिनी. त्यांना पाडावं लागलं होतं. मला कोणी पाडत नाही. मी नुसता मोजला जातो." बराच वेळ कोणी बोललं नाही. मग त्यांनाच वाटलं असावं की जास्त झालं, आणि नेहमीचा विनोद काढला, सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचा. ते शेकापसारख्या पक्षाकडून एकाच मतदारसंघातून ११ वेळा निवडून आले. "चिकाटी तेवढीच लागते बघा, दोन्हीकडे."

सगळं कौतुकाचंच लिहिलं तर खोटं होईल. मला सरांचा रागही येतो. एकदा बसून मी हिशेब केला: पहिले अडीचशे, मग तीनदा पाच हजार, मग तीनदा दहा हजार. ४५,२५० रुपये नुसत्या अनामतीत गेले. एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर परत मिळतात, म्हणजे आमच्याकडे तीसेक हजार मतं. त्यात पत्रकं, भोंगा, लुनाचं पेट्रोल धरलेलं नाही. घराचा स्लॅब गळतो. पावसाळ्यात शिकवणीच्या खोलीत दोन बादल्या असतात आणि मुलं त्या मधे धरून गोल बसतात. बाई, म्हणजे सरांच्या सौभाग्यवती, एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "एकेकाच्या नवऱ्याला बाटलीचं असतं, ह्यांना फॉर्मचं आहे." हसल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या केंद्रावर सरांना २०१९ला अकरा मतं, घरातली चार. उरलेली सात कोणाची हे बाईंना विचारावंसं वाटलं, पण त्या चौघांतली चारही पडली का, असा प्रश्न त्यातून निघाला असता.

सरांच्या पत्रकावर वर्षानुवर्षं तीनच मागण्या. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला पाणी, ग्रामीण रुग्णालयात रात्री डॉक्टर, एसटी स्टँडवर बायकांसाठी बंद होणाऱ्या दाराची मुतारी. तिसरी तर थेट माझ्या गरजेची, तरी तिच्यासाठी मी बटण दाबलं नव्हतं हे आत्ता लिहिताना जाणवतंय. २०२४ला लोक त्यांना गंमतीने म्हणायला लागले, सर, पिपाणी मागा. लोकसभेला दिंडोरीत पिपाणीवाल्या अपक्षाला लाखावर मतं पडली होती, तुतारी समजून. त्याआधीचं रायगडही सगळ्यांना पाठ. २०१४ला सुनील तटकरे २,११० मतांनी पडले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला ९,८४९ मतं होती. लहान उमेदवार मोठ्यांच्या हिशेबात येतो तो असा, चुकीच्या रकान्यात. सरांना हे सुचवणं म्हणजे कॉपी कर म्हणण्यासारखं. "मला चुकून पडलेलं मत नको," म्हणाले. "उत्तर बरोबर आणि रीत चूक असेल तर मी मार्क देत नाही." त्यांना खरं लागलं होतं ते नोटाचं. २०१९ला लातूर ग्रामीण आणि पलूस-कडेगावला नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला. आमच्याकडेही तो सरांच्या चौपट पुढे होता. कोणीच नको म्हणणारे इतके, आणि त्यांना मी एकदाही भेटलो नाही, असं ते म्हणाले. मला वाटतं पाच वर्षांत त्यांनी खऱ्या दुःखाने बोललेलं एवढं एकच वाक्य.

उभं का राहता, असं मी सरळ एकदाच विचारलं. उत्तर मिळालं ते २०२५मध्ये, तेही आडून. सहा वर्षांत एकही निवडणूक न लढवलेले शेकडो पक्ष आयोगाने यादीतून काढून टाकले, ती बातमी आली होती. सर रस्त्यात भेटले, सायकल हातात धरून. "आपला राहिला," म्हणाले. "उभं राहिलो म्हणून राहिला." पक्षाचं कार्यालय म्हणजे पुण्यातली एक भाड्याची खोली आहे आणि अध्यक्ष आता चालू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. मी बरं झालं म्हणाले.

पण २०२४चं मतदान राहिलं. त्या वेळीही सही मीच केली, या खेपेला दुसरी. नोव्हेंबरची वीस तारीख, सकाळची रांग, शाळेच्या भिंतीवर पाढे. शाई लावणारा मुलगा सरांचाच जुना विद्यार्थी निघाला, त्याने माझं बोट जरा जोरात दाबलं. आडोशामागे गेले. सर आठव्या ओळीत, चिन्ह बॅट. मी वरची नावं या वेळी वाचलीच नाहीत. निळं बटण दाबलं, शेजारचा लाल दिवा लागला, आणि डाव्या हाताच्या यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी आली: आकडा, नाव, बॅट. सात सेकंद असते म्हणतात. मला ती फार वेळ वाटली. एवढ्या वेळात पाच वर्षांपूर्वीची माझी शेव, चकली, 'असेल कोणीतरी', सगळं काचेपुढून गेलं, मग चिठ्ठी कापली जाऊन खाली पडली. आवाज आला नाही. लांब शिट्टी तेवढी वाजली. बाहेर हे चपलेने माती उकरत उभे होते. ह्यांनी कोणाला दिलं ते तीस वर्षांच्या संसारात मी विचारलेलं नाही. आमच्यातलं तेवढं एकच खरं गुपित असावं. घरी येताना दोघं चहाला थांबलो.

थंडी पडल्यावर, डिसेंबरात, सर आले. तीच पिशवी, कागद नवे. या वेळी एकूण ३६०च. हे समोर पेपर उघडून बसले होते, मी ओट्याशी. सरांनी ओळीवर पेन्सिल ठेवली आणि मान हलवली. "वहिनी, दोन." मग समजुतीच्या सुरात, जणू मलाच वाईट वाटेल म्हणून, "तुम्ही दोघं आहात. तिसरं गळालं. गावच सोडून गेलं असेल बिचारं."

मी आधणाकडे बघत हिशेब मांडला. दोनांतलं एक माझं, आणि ते पहिल्यांदाच. म्हणजे २०१९च्या तिघांपैकी फार तर एक जण उरला. हे सरांना सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. आणि उरलेला तो एक कोण? मी मान वळवून बैठकीत पाहिलं. पेपर तसाच उभा धरलेला होता. बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"सर," पेपराच्या मागून हे म्हणाले, "साखर चालते ना अजून?"

"अर्धा चमचा," सर म्हणाले, आणि त्यांनी १४३ समोरच्या दोनाभोवती पेन्सिलीने सावकाश गोल काढला.